सदर कुत्रा

लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस माणसाला तिशीच्या सुमारास येते. नोकरी कायम झालेली असते, लग्न झालेलं असतं, आणि आपल्या अंगच्या अफाट कर्तबगारीचा शाळाखात्याला काडीचा उपयोग नाही हेही कळून चुकलेलं असतं. मी बोईसरच्या मराठी शाळेत चौथीला शिकवत होतो. तारापूरला वीजघराचं बांधकाम निघालं होतं. स्टेशनावर रोज नवा माणूस उतरायचा, त्याच्यासाठी नवी खानावळ निघायची, आणि खानावळीमागे नवी कुत्री जमायची. मग गावातल्या चार शहाण्यांनी वर्गणी काढून कुत्र्यांना विषाचे लाडू घातले. गावात एरवी कुठल्याच गोष्टीला वर्गणी जमत नसे, हिला दोन दिवसांत जमली.

त्यातला एक कुत्रा पर्युषणाच्या दिवसांत आमच्या शेठच्या दुकानाच्या पायरीवर येऊन मेला. शेठ गवताचे व्यापारी. पालघर तालुक्यातलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जायचं, आणि शेठच्या वखारीतून त्याचे गठ्ठे वॅगन भरभरून निघायचे. माणूस मायाळू, पण विचार करायला फुरसत न मिळालेला. पायरीवरचं मरण बघून त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी रुळांपलीकडची जुनी वखार टाकलेल्या कुत्र्यांसाठी देऊन टाकली. समिती नेमली. शेठ अध्यक्ष, मी चिटणीस, आणि बाकीचे तिघे हात वर करायला. मला चिटणीस केलं कारण माझं अक्षर चांगलं होतं. कुत्र्यांविषयी मला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की मला ती आवडत नाहीत.

नावावर दोन बैठका गेल्या. मी म्हटलं, ‘कुत्र्यांचं घर’ म्हणावं. शेठ म्हणाले, कुत्रा हा शब्द शिवीसारखा वाटतो, देणगी येणार नाही. शेवटी ‘श्वानाश्रम’ ठरलं आणि पाटी रंगवली गेली. पाटी लागल्याच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर पंचा आणि हातात तांब्या घेऊन दारात आले आणि गरम पाणी आहे का, असं विचारू लागले. त्यांनी ‘स्नानाश्रम’ वाचलं होतं. मी त्यांना पाटीवरचं जोडाक्षर समजावून सांगितलं. ते म्हणाले, आंघोळीची सोय केली असती तर पुण्य तरी लागलं असतं.

आश्रमाची घटना मीच लिहिली, आणि तिच्यातलं पहिलं कलम शेठचं होतं. आश्रमात मांसमच्छीचा कण येता कामा नये. शेठचा पैसा, शेठची वखार, त्यामुळे कलम मंजूर झालं. पंचाईत अशी की आमचे निम्मे आश्रमवासी किनाऱ्यावरच्या गावांतून आलेले, म्हणजे मासळीच्या डोक्यांवर वाढलेले. त्यांच्यासमोर दूध-भाकरी ठेवली की ते तिचा वास घ्यायचे, माझ्याकडे बघायचे, आणि पाठ फिरवून झोपायचे. आठ दिवसांत त्यांच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या.

यावर माझ्या बायकोनं तोड काढली. तिचं माहेर सफाळ्याचं, खाडीची मासळी खाऊन वाढलेली. तिनं सुका जवळा भाजला, कुटला, त्यात ओवा आणि हिंग घातला आणि पुडीवर माझ्याच अक्षरात ‘पाचक चूर्ण’ असं लिहून घेतलं. भाकरीवर चिमूटभर टाकलं की ताटली लख्ख. महिन्याभरात कुत्र्यांच्या अंगावर तकाकी आली. शेठ तपासणीला आले, खूश झाले, आणि शाकाहारात केवढी शक्ती असते यावर तिथंच उभ्याउभ्या बोलले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मलाही जरा अपचनाचा त्रास आहे. ते चूर्ण थोडं मिळेल का?" मी म्हटलं, "शेठ, ते फक्त चतुष्पादांसाठी आहे." खोटं बोलायची माझी ती सुरुवात. पुढे हात बसला.

दुसरं कलम मात्र सर्वस्वी माझं, आणि त्याचा मला अभिमान होता. पालघरच्या एका वकिलांनी आम्हांला बजावलं होतं की मालक असलेला कुत्रा ठेवून घ्याल तर उद्या तोच मालक फिर्याद ठोकील. म्हणून मी प्रवेशाचा कागद तयार केला. वर नाव, गाव, कुत्र्याचा रंग, आणि खाली एकच वाक्य: ‘सदर कुत्रा मला नको आहे.’ त्याखाली सही किंवा अंगठा. या सहीशिवाय कुत्रा घ्यायचा नाही. वाक्य छोटं, निःसंदिग्ध आणि शेवटी ठसठशीत पूर्णविराम. चौथीच्या मुलांचा पूर्णविराम राहिला तर मी अर्धा गुण कापत असे, तेव्हा स्वतःच्या कागदावर मी तो किती मन लावून देत असेन याची कल्पना करावी.

याच कागदापाशी ती अडली.

ती किनाऱ्यावरच्या गावातली मांगेलीण, पन्नाशीची, डोक्यावर मासळीची टोपली आणि हातात सुंभ. सुंभाच्या दुसऱ्या टोकाला एक तांबडा कुत्रा होता. मध्यम अंगाचा, एक कान फाटलेला, दिसायला अगदी साधा. तिचं गाव वीजघराच्या जागेत गेलं होतं. माणसांना काही मैलांवर नव्या जागा दिल्या होत्या. माणसं गेली, भांडीकुंडी गेली, जाळी गेली, पण हा व्यवहार कुत्र्याला कोणी समजावून सांगितला नव्हता. तो रोज उठून जुन्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचा. तिथं भिंती पाडायचं काम चाललं होतं आणि खडकाला सुरुंग लावत होते. त्या गावातली दोन कुत्री अशीच दगडांखाली मेली होती.

"मास्तर, याला ठेवा जरा," ती म्हणाली. "नवं घर उभं राह्यलं का घेऊन जाईन."

मी तिला नियम सांगितला. इथं फक्त नको असलेले कुत्रे घेतात.

"मंग यो मला हवाय, तर ठेवनार नाय?"

"नाही ठेवता येत, बाय."

"हवा असलेला कुत्रा मेला तरी चालंल?"

या प्रश्नाचं उत्तर घटनेत नव्हतं. मी तिला समजावलं की हे नुसतं कागदापुरतं आहे. कागदावर ‘नको’ लिहायचं, मनात ‘हवा’ धरायचं, आणि घर झालं की कुत्रा घेऊन जायचं. कोण अडवतो? मी इथं आहेच. ती ऐकत होती आणि माझ्या हातातल्या शाईच्या डबीकडे बघत होती. त्या वर्षी तिच्या गावात अंगठ्याला शाई लावून घ्यायला कोणी सहजी तयार होत नसे.

"कागदावं एक आनी मनात एक," ती म्हणाली, "असं तुमच्या शाळेत शिकवतात काय?"

मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तिनं अंगठा दिला, तोही मला वाटतं कागदावर विश्वास ठेवून नव्हे, माझ्यावर ठेवून. अंगठा पदराला पुसला, कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं आणि टोपली उचलून बाजाराकडे गेली. कुत्रा तिच्यामागे सुंभ ताणून उभा राहिला आणि ती दिसेनाशी झाल्यावर बसला.

हा तांबडा जन्मभर एकच काम करत आला होता. तिच्या अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत पडायचे, आणि तो खाली बसून कावळ्यामांजरांपासून ते राखायचा. स्वतः तोंड लावायचा नाही. आता बोंबील नव्हते, पण सवय होती. त्यामुळे तो समोर जे असेल ते राखू लागला. पहिल्या दिवशी त्यानं बाकीच्या कुत्र्यांच्या ताटल्या राखल्या. संध्याकाळपर्यंत एकालाही घास घेता आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याचा हौद राखला. तिसऱ्या दिवसापासून मी त्याला फाटकाशी बांधू लागलो, आणि तेव्हापासून फाटकातून आत यायला समितीच्या सभासदांनाही माझी गरज लागू लागली. हा भाग मला आवडला.

बाई दर बाजाराला यायची. विक्री आटोपली की तांबड्याला सोडून वखारीच्या मागच्या बाजूला न्यायची आणि पदराआडून एक मासळीचं डोकं काढून त्याला द्यायची. पहिलं कलम माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, म्हणून मी त्या वेळी डोळे दुसरीकडे ठेवायचो. जाताना ती घराचं सांगायची. मेढी उभ्या केल्या, आता कूड घालायचा, आता कौलं. मी म्हणायचो, "तुझा कुत्रा इथंच आहे, बाय, कुठं जात नाही."

त्याच सुमारास आश्रमाला भाग्याचे दिवस आले. वीजघराच्या वसाहतीतली काही परदेशी कुटुंबं मायदेशी निघाली आणि जाताना आपली तीन कुत्री आमच्या हवाली करून गेली. प्रत्येकाबरोबर घोंगडी, कंगवा आणि डबाबंद खाणं. डब्यांवर काय लिहिलं आहे हे शेठनी विचारलं. मी वाचलं आणि सांगितलं, "पौष्टिक मिश्रण." या तिघांसाठी समितीनं तातडीची बैठक घेतली आणि वखारीचा वारा येणारा कोपरा कूड घालून वेगळा केला. ताटल्याही वेगळ्या. गावात दर लग्नात पंक्तिभेदावरून भांडणं करणारी माणसं ही, पण कुत्र्यांचा पंक्तिभेद त्यांनी एकमतानं मंजूर केला. विलायती कुत्र्यांना मराठी कळत नसल्यामुळे त्यांच्याशी बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. मी ‘सिट’ म्हटलं की ते तिघे माझ्याकडे बघत राहायचे आणि पलीकडचे गावठी बसायचे.

पुढे व्हायचं ते झालं. एका विलायती कुत्रीला कुडाच्या पलीकडच्या कोणापासून तरी पाच पिल्लं झाली. पिल्लं कुडाच्या अलीकडे ठेवायची की पलीकडे, यावर समितीनं अडीच तास घालवले. एक सभासद म्हणाले, आईची जात धरावी. दुसरे म्हणाले, आपल्याकडे बापाची धरतात. बापाचा पत्ता नव्हता. मी इतिवृत्तात लिहिलं की विषय पुढील बैठकीवर ठेवण्यात आला. तेवढ्यात पिल्लांना चालता येऊ लागलं आणि त्यांनी तो कूडच कुरतडला.

पावसाळा सरता सरता मला आठ दिवस वाणगावला शिक्षकांच्या शिबिराला जावं लागलं. तिथं आम्हांला मुलांना प्रेमानं कसं शिकवावं हे सांगत होते. परत आलो आणि नेहमीच्या सवयीनं फाटकाशी थबकलो, पण कोणी भुंकलं नाही. आत नवी कोरी सिमेंटची जमीन झाली होती. शेठ तिच्यावर अनवाणी फिरत होते.

"बघा मास्तर, आरशासारखी," ते म्हणाले.

एका ठेकेदारानं सिमेंट दिलं होतं. त्याचं सिमेंटचं गोदाम किनाऱ्याकडे, त्या उठलेल्या गावाच्या कडेला होतं, आणि त्याला राखणीला कुत्रा हवा होता. आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस, पण इथं आवळा वीस गोण्यांचा होता, त्यामुळे समितीला तोच कोहळा वाटला. ठेकेदारानं आश्रमात फेरी मारली आणि फाटकावरचाच कुत्रा मागितला. समितीनं माझी दप्तरं काढली, तांबड्याचा कागद बघितला. कागद स्वच्छ होता. ‘सदर कुत्रा मला नको आहे.’ खाली अंगठा. असा बिनतोड कागद दुसऱ्या एकाही कुत्र्याचा नव्हता, असं शेठनी मला कौतुकानं सांगितलं.

कागद माझा होता, अक्षर माझं होतं, आणि ‘कोण अडवतो’ हे वाक्यही माझंच. आयुष्यात मी पुष्कळ मुलांना हकनाक छड्या मारल्या आहेत, पण आपण कोणाला तरी फसवलं असं मला त्या सिमेंटवर उभं असताना पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतरच्या बाजाराला बाई आली ती हसतच. डोक्यावर टोपली नव्हती. हातात नवा सुंभ होता आणि आश्रमासाठी एक नारळ. घर उभं राहिलं होतं. तिनं फाटकाशी बघितलं, मग वखारीमागे जाऊन बघितलं आणि परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठाय?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलायचा हात बसला होता, पण तो त्या वेळी चालला नाही. तिनं मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नारळ माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चला, दाखवा."

आम्ही ट्रकच्या मागे बसून किनाऱ्याकडे गेलो. गोदामाच्या दारात तांबडा होता. गळ्यात चामडी पट्टा, पुढ्यात खानावळीतल्या भाताची ताटली, शेजारी सिमेंटच्या गोण्यांची भिंत. त्यानं तिला ओळखलं आणि असा उसळला की साखळीनं त्याचा गळा आवळला. ती त्याच्याजवळ बसली. गोदामावरचा मुकादम भला होता. तो म्हणाला, "मौसी, कुत्ता तो काम पे लग गया है. हमारा सेठ बोलेगा तो छोडूंगा."

तिचे दोन मुलगे वर्षभर याच ठेकेदाराकडे कामासाठी खेटे घालत होते. गाव उठलं तेव्हा घरटी एक माणूस कामावर लागेल असं गावात बोललं जात होतं. ठेकेदार दर वेळी पुढच्या आठवड्यात या म्हणायचा.

"घरटी एक म्हनत व्हते," ती कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बोटानं सैल करत म्हणाली. "लागला की आमच्यातला एक. मीच पोरांना आळशी म्हनत व्हते."

मुकादम हसला. मला हसता आलं नाही.

मी आमच्या शेठकडे गेलो आणि म्हटलं, कुत्रा परत आणला पाहिजे, बाईला तो हवा आहे. शेठना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ते व्यापारी होते. "मास्तर, हवा होता तर नको म्हणून अंगठा का दिला? उद्या ठेकेदार म्हणाला, सिमेंट परत द्या, तर आपण काय जमीन उखडून देणार? आपल्याकडे कागद आहे. कागदात नको आहे." गुरुवारी बैठक ठेवा, एवढंच ते बोलले.

बुधवारी दुपारी मुलं कवायतीला मैदानावर गेली होती. मी रिकाम्या वर्गात दप्तर उघडून बसलो. तो कागद मी दहा वेळा वाचला. मग अकराव्या वेळी, मास्तर म्हणून नव्हे तर कॉपी करणाऱ्या पोराच्या नजरेनं वाचला, आणि मला आपल्या मराठी भाषेविषयी फार प्रेम वाटलं. या भाषेत माणूस काय म्हणतो ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही. ‘नको आहे’ म्हणून झाल्यावरही ते फिरवता येतं, फक्त पुढे जागा हवी. आणि जागा होती. वाक्य छोटं होतं, उरलेली सगळी ओळ कोरी होती. मी त्याच दौतीतली शाई घेतली, दोन थेंब पाण्यानं फिकी केली, आणि माझ्या त्या ठसठशीत पूर्णविरामाला खालून एक बारीक शेपूट काढलं. पूर्णविरामाला शेपूट फुटलं की त्याचा स्वल्पविराम होतो. मग पुढे लिहिलं. कागद असा झाला: ‘सदर कुत्रा मला नको आहे, असे माझे म्हणणे नाही. घर उभे राहीपर्यंत तो येथे ठेवावा.’

चौथीतल्या एखाद्या पोरानं हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर बाकावर उभा केला असता.

बैठकीत शेठनी कागद मोठ्यानं वाचला. ‘नको आहे’पर्यंत त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं वाचलं. बाकीचे तिघे एकमेकांकडे बघू लागले. एक म्हणाला, आपण त्या दिवशी पुढचं वाचलंच नाही वाटतं. शेठनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ धरला. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"आमच्या वखारीत पूर्वी एक मुनीम होता," शेठ म्हणाले. "फार हुशार. त्याला आम्ही काढून टाकला." मग त्यांनी कागद घडी घालून माझ्याकडे दिला. "मास्तर, कागदात नको नाही, तर कुत्रा बाईचा. लिहा ठराव."

ठेकेदाराची समजूत घालणं सोपं गेलं. त्याला तांबड्याच्या जागी आम्ही विलायती कुत्र्यांतला एक दिला. राखण करणं त्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तो येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर उताणा पडून पोट दाखवायचा. पण ठेकेदार इतका खूश झाला की त्यानं आणखी चार गोण्या पाठवल्या.

शनिवारी तांबडा घरी गेला. मी स्वतः सुंभ बाईच्या हातात दिला. तिनं विचारलं, सेठ कसा काय ऐकला? मला गप्प बसता येत नाही, तो माझा जुना रोग. एवढी कारागिरी केलेली, आणि ती कोणाला सांगायची नाही? मी तिला कागद दाखवला, शेपूट दाखवलं, पुढची ओळ वाचून दाखवली. ती लक्ष देऊन ऐकत होती. आपला अंगठा होता तिथंच होता आणि वरचं मात्र उलटलं, हे तिनं मला दोनदा विचारून घेतलं. मग कुत्रा घेऊन गेली. मला वाटलं, निदान शाबास तरी म्हणेल.

सोमवारी सकाळी शाळेआधी आश्रमात गेलो, तर वखारीच्या पडवीत दहाबारा बायका बसल्या होत्या. टोपल्या शेजारी उतरवून ठेवलेल्या, बाजाराची वेळ टळत चाललेली. पुढे ती होती आणि तिच्या पायाशी तांबडा. सगळ्यांच्या हातांत कागद होते. कोणी तो तंबाखूच्या डबीत ठेवून आणला होता, कोणी मीठ बांधतात तशा फडक्यात. एकीनं नवऱ्याच्या सदऱ्यात शिवून ठेवलेला तिथंच उसवून काढला. ते वीजघरात गेलेल्या घराजमिनीचे कागद होते, अंगठे दिलेले.

"मास्तर," ती म्हणाली, "यांना मी सांगितलं, तुमी फिरवता म्हनून. आमचं बी घर आमाला नको, असं आमचं म्हननं नाय. तेवढं लिवा."

तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. माझं वाक्य तिनं तोंडपाठ केलं होतं आणि ते तिला अगदी बरोबर लागू करता आलं होतं. माझ्या वर्गातल्या कोणालाही एवढं व्याकरण एका दिवसात आलं नसतं.

मी सगळे कागद घेतले आणि एकेक वाचू लागलो. का वाचले ते मला आजही सांगता येत नाही. त्यांच्या नकला ठाण्याला कलेक्टर कचेरीत होत्या, आणि तिथवर माझी दौत पोचत नव्हती, हे मला पहिल्या कागदालाच ठाऊक होतं. तरी मी प्रत्येक कागद शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, पूर्णविरामाच्या पुढे बघितलं आणि बाजूला ठेवला. टंकलेखन काठापर्यंत भिडलेलं, आणि जिथं वाक्य संपत होतं तिथंच शिक्का. बायका माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शाळेची घंटा झाली, मी उठलो नाही. शेवटी तिचा कागद हातात आला. त्यात शिक्का जरा तिरका पडला होता, आणि शेवटच्या शब्दापुढे दोन बोटं कोरी राहिली होती. मी त्या दोन बोटांकडे बघत बसलो.

"जागा हाय ना?" तिनं विचारलं.

मला शरम वाटली. बुधवारच्या माझ्या हुशारीची, आणि शनिवारी ती बढाई मारून दाखवल्याची.

"जागा नाही, बाय," मी म्हणालो.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि होत्या त्याच घड्यांवर दुमडला.

"कुत्र्यापुरतीच हाय म्हना," ती म्हणाली.

मग बाकीच्यांनी आपापले कागद ओळखून उचलले, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि मासळी खराब व्हायच्या आत बाजार गाठायला निघाल्या.